एका कान्याचं अंतर

'चहा आण' आणि 'चहा आणा' यांत लिहिताना फक्त एका कान्याचा फरक. बोलताना जेमतेम अर्धा श्वास जास्त लागतो. पण टेबलावर कप ठेवणाऱ्या माणसाला तेवढ्यात आपली जागा कळते. ये की या, बस की बसा, हे ठरवल्याशिवाय मराठीत समोरच्याशी चार वाक्यं बोलता येत नाहीत. म्हणजे सौजन्याची परीक्षा आपण दिवसभर देतच असतो. तिची कसोटी मला एकच दिसते: मी वापरलेला शब्द समोरच्यानं तसाच परत केला, तर मला चालेल का?

'तू' हा शब्द मुळात हलका नाही. आईला आपण तू म्हणतो, विठोबालाही तूच म्हणतो. प्रकाशचा 'पक्या' होतो तो मायेनं, कारण तोही आपल्या नावाची तशीच मोडतोड करू शकतो. पण तोच प्रत्यय गावगाड्यात दलितांच्या नावांना चिकटवला गेला. केस पिकलेल्या माणसाला वाड्यातलं पोर 'अरे धोंड्या' म्हणून बोलावी आणि त्यानं मात्र 'जी' म्हणायचं. प्रत्यय तोच, फक्त परतीची वाट बंद. म्हणून माया तिथं अपमान झाली. आज वाडे पडले, तरी ही वाट पुरती उघडलेली नाही. काचेच्या कचेरीत साहेबाला सगळे नावानं हाक मारतात, आणि त्याच मजल्यावर लादी पुसणाऱ्या बाईंना 'इथं सांडलंय, पुसून घे' असं सांगतात. रुग्णालयात 'मावशी' म्हणून नातं जोडायचं आणि लगेच 'चादर बदल' म्हणायचं. सख्ख्या मावशीला आपण तू म्हणतो खरं, पण तीही आपल्याला तूच म्हणते आणि वेळ आली तर कानही धरते. घरात बायकोनं 'अहो' आणि नवऱ्यानं 'अगं' म्हणायचं, या रीतीलाही हीच कसोटी लावावी. आता अनेक जोडपी एकमेकांना तू म्हणतात. त्यात आदर घटला नाही, तो दोन्हीकडून वाहू लागला.

मनात नसताना 'तुम्ही' म्हणणं हे ढोंग नाही का, असं कुणी विचारेल. पण मन साफ होईपर्यंत थांबायचं, तर तोवर समोरच्यानं किती अपमान गिळायचे? सवय आधी लागते, भाव मागून येतो. भांडण पेटलं की माणसं 'एकेरीवर आली' असं आपण म्हणतो. म्हणजे जीभ सुटली की मनही सुटतं, हे भाषेला केव्हाच ठाऊक आहे. त्याहून जड आक्षेप असा, की आदरार्थी क्रियापदानं पोट भरत नाही. खरंच आहे, आणि गोड बोलून पगार अडवणारा मालक सौजन्यशील म्हणवून घेऊ शकत नाही. पण मान आणि हक्क यांना एकमेकांविरुद्ध उभं करू नये. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला तो काही नुसत्या तहानेपोटी नव्हता. माणूस म्हणून बरोबरीची जागा मिळावी म्हणून तो होता. म्हणूनच अन्यायाविरुद्ध चढलेल्या आवाजाला 'आधी नीट बोला' म्हणून गप्प करणं हेही असभ्यपणच. सौजन्याचं ओझं आधी ज्याच्या हाती सत्ता आहे त्यानं उचलावं.

हे शाळेच्या पुस्तकातून येत नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत खांद्यावर सिलिंडर आणलेला माणूस दारात धापा टाकत असतो. घरातून आवाज येतो, 'या, टेकवा, आधी पाणी घ्या.' पडद्याआडून पाहणारं मूल तांब्या घेऊन पुढं येतं आणि कुणी न सांगता म्हणतं, 'काका, घ्या.' तो काना त्याला तिथंच मिळालेला असतो.