घाट उतरायच्या आधी

नारायणगावात टोमॅटोची क्रेट भरायची, आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरायचा आणि कल्याणवरून वाशी गाठायची, हा आमच्या पिकअपचा ठरलेला रस्ता. गाडीनं ऐंशी हजार किलोमीटर ओलांडले तेव्हा पाऊस तोंडावर आला होता. आवाज नव्हता, धूर नव्हता, तरी गाडी दिवसभर मिस्त्रींच्या ताब्यात दिली. चालत्या गाडीला हात कशाला लावायचा, असं आमच्याकडे बरेच जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही.

इंजिन ऑइल सगळेच वेळेवर बदलतात. डिझेल फिल्टरकडे कुणी बघत नाही. त्याचा खालचा स्क्रू सैल केला तर आधी पाणी आलं, मग डिझेल. हेच पाणी पुढे गेलं की इंजेक्टर गंजतात.

माझं खरं लक्ष होतं ब्रेक ऑइलवर. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ३ ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. भरलेली गाडी उतारावर सारखी ब्रेकवर धरली की चाकांतली उष्णता ऑइलपर्यंत पोचते, ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल सरळ खाली जातं. म्हणून घाटात मी गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवतो. पण नुसत्या गिअरवर भरवसा ठेवून माणसं आणि माल घेऊन उतरू नये.

बाटलीत काढलेलं ऑइल काळ्या चहासारखं होतं. माझा मुलगा पॅडलवर बसला. "दाब... दाबून धर... आता सोड," मिस्त्री गाडीखालून सांगत होते. सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, कारण ते मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांब. नळीतून स्वच्छ ऑइल, एकही बुडबुडा नाही, असं येईपर्यंत त्यांनी पुढचं चाक धरलं नाही.

मग क्राउनचं, म्हणजे डिफरन्शियलचं, ऑइल. "दादा, आधी वरचा बोल्ट सुटतोय का बघायचं, मगच खालचा काढायचा. वरचा जाम असला तर रिकामा क्राउन घेऊन बसाल." खालच्या बोल्टच्या चुंबकाला बारीक लोखंडी भुकटी चिकटली होती, ती चालते, टोकदार तुकडे नकोत. पाट्यांच्या पिना आणि शाफ्टच्या क्रॉसमध्ये नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत गन मारली, यू-बोल्ट आवळले. पुढचा एक टायर आतल्या कडेला जास्त झिजला होता, म्हणून अलाइनमेंटही करून घेतली.

क्लच मात्र थोडा वर धरू लागलाय. हा हंगाम निघेल, असं मिस्त्री म्हणाले. टोमॅटो संपला की गिअरबॉक्स उतरवायचा आणि तेव्हाच प्लेटबरोबर बेअरिंगही बदलायचं, असं आम्ही तिथंच ठरवलं.