वाट पाहण्याचा उपचार

‘वार खालीं आहे’ एवढे शब्द सोनोग्राफीच्या कागदावर दिसले, कीं घरांतील वडील स्त्रियांच्या तोंडचें पाणी पळतें. तें स्वाभाविक आहे. ज्या वारेवाटे बाळाचें पोषण व्हावयाचें, तीच गर्भाशयाच्या मुखावर पसरलेली असली, तर मुख उघडूं लागतांच बाळाच्या आधीं रक्त येतें. आणि तें वेदनेवांचून, अकस्मात् व लालभडक येतें. मागच्या पिढ्यांनीं अशीं बाळंतपणें पाहिलीं होतीं.

माझ्या कन्येच्या बाबतींत हें विसाव्या आठवड्यांत कळलें. घरांत पहिला प्रश्न निघाला तो औषधाचा. तिच्या डॉक्टरबाईंनीं स्पष्टच सांगितलें, कीं वार वर नेणारें औषध नाहीं, आसन नाहीं, काढाहि नाहीं. परंतु इतक्या लवकर खालीं दिसलेली वार पुष्कळदां आपोआप वर जाते. वास्तविक ती चालत नाहीं. गर्भाशयाचा खालचा भाग वाढतो, ताणला जातो, आणि वारेची कड मुखापासून दूर होते. म्हणून ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहावयाचें. कड २० मिलिमीटरांहून दूर गेली, तर नैसर्गिक प्रसूतीस बहुधा हरकत राहत नाहीं. मुखावरच राहिली, तर शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नाहीं.

तोंवर थांबावयाचें. या थांबण्यासहि इतिहास आहे. पूर्वीं रक्त दिसतांच गर्भाशय मोकळें करण्याकडे वैद्यांचा कल असे. त्यांत आई वांचली तरी अपुऱ्या दिवसांचें मूल बहुधा जाई. १९४५ सालीं बेलफास्टचे मॅकाफी यांनीं असें प्रतिपादिलें, कीं आंतून बोटांनीं तपासणी केली नाहीं, तर पहिला रक्तस्राव सहसा प्राणघातक नसतो. बाईस रुग्णालयांत ठेवून व रक्ताची तयारी करून थांबावें, म्हणजे मुलास वाढण्यास अवधि मिळतो. आजचा उपचार याच पायावर उभा आहे. मात्र नुसतें अंथरुणास खिळून राहण्याचा उपयोग सिद्ध झालेला नाहीं, हें आमच्या शेजारणींना पटवितां पटवितां माझी पुरेवाट झाली.

खरा वाद निघाला तो स्थळाचा. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें, हा माझ्या सासूबाईंचा आग्रह. आमचें घर कोंकणांतील खेड्यांत. रक्तपेढीची वाट दोन तासांची, आणि पावसाळ्यांत तिचाहि भरंवसा नाहीं. त्यांतून मुलीचा रक्तगट ‘ओ निगेटिव्ह’, म्हणजे दुर्मिळ. मीं सांगितलें, “सासूबाई, ती येणार नाहीं, मीच जातें.” विहीणबाईंच्या घरीं दोन-अडीच महिने राहावयाचें, हा संकोच लहान नव्हता. त्यांनीं तो ठेवला नाहीं, हा त्यांचा मोठेपणा.

३२ व्या आठवड्यांतहि वार मुखावरच होती. पुढच्या आठवड्यांत एके पहाटे रक्त गेलें. रुग्णालय दहा मिनिटांवर होतें. बाळाचीं फुप्फुसें परिपक्व व्हावींत म्हणून इंजेक्शनें दिलीं, रक्तगटामुळें ‘अँटी-डी’ दिलें, आणि जुळणाऱ्या रक्ताच्या पिशव्या राखून ठेविल्या. रक्त आपोआप थांबलें. मग तिला तेथेंच ठेवून घेतलें. छत्तीस आठवडे पुरे होतांच ठरल्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली आणि नात झाली. वार सुटल्यावर रक्तस्राव बराच झाला. राखून ठेविलेल्यांपैकीं दोन पिशव्या कामीं आल्या.

घरीं सोडतांना डॉक्टरबाईंनीं एक गोष्ट लिहून दिली. पुढच्या खेपेस वार पुन्हा खालीं व या व्रणावर आली, तर ती स्नायूंत रुजून बसण्याचा, मग सहज न सुटण्याचा धोका असतो. तेव्हां वार कोठें आहे हें आरंभापासून पाहावें, आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयांतच योजावें. तो कागद मीं तिच्या फायलींत सर्वांत वर लावून ठेविला आहे.