डब्यातला भुसा

ग्वाल्हेरात लश्करहून मुरारकडे जाताना थाटीपुरात एका सुताराची टपरी लागते. वर पत्रा, खाली पाय वर करून पडलेल्या खुर्च्या. माझी नजर अडकली ती मात्र डालड्याच्या एका जुन्या डब्यावर. बाकीचा भुसा सगळ्यांच्या पायांखाली जात होता, याला झाकण होतं. "सागौन का है," मिस्त्री म्हणाला, "शीशम का अलग रखा है." तोही करवतीचा जाडाभरडा नव्हे, काचकागदाखालून पडलेला, पिठासारखा.

कडेचा टवका उडाला, खिळ्याचं भोक राहिलं, की हा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरायचा. फेविकॉल 1959 सालचं. त्याआधी सरस शिजवत बसावं लागे. पण डिंक वाळला की छिद्रं बुजतात आणि त्यावर रंग मुरत नाही. सगळं टेबल गडद होतं, भरलेली जागा तेवढी परक्यासारखी उठून दिसते. म्हणून कालवतानाच त्यात गेरू, चिमूटभर काजळी. मिस्त्री शेजारच्या लाकडावर ओलं बोट फिरवतो. ओल्या लाकडाचा रंग तोच साधारण पॉलिशनंतरचा.

लांब भेगेत मात्र तो भुसा भरत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, आणि ग्वाल्हेरच्या हवेला मधलं काही ठाऊक नाही. मे महिन्यातली लू लाकूड आवळते, श्रावणात ते फुगतं. कडक झालेला लगदा एकदा चुरडतो, एकदा सुटून पडतो. तिथं त्याच जातीच्या लाकडाची बारीक पच्चर, रेषेला रेषा जुळवून. मला हीच दुरुस्ती आवडते. दिसते, आणि दिसली तरी बिघडत नाही. कधी मोडलोच नव्हतो असा आव आणणारं फर्निचर मला माणसांइतकंच नकोसं वाटतं.

शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. पळस, बोर, कोशिंब यांच्या फांद्यांवर किडे लाख करतात, तिचे हे पिवळसर पापुद्रे. ते हातात घेतले आणि मला आमच्या घरातल्या काळ्या, जड तबकड्या आठवल्या. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या. त्यांना लाखेच्या म्हणत, पण लाख असे थोडी; बराचसा भरणा दगडाच्या पुडीचा, वर रंगाला काजळी. लाखेनं फक्त सगळ्यांना धरून ठेवायचं. पूड खरखरीत असल्यानं पोलादी सुई घासून खोबणीच्या मापाची होई, म्हणून दर बाजूला नवी सुई. गाण्यामागची ती अखंड खरखर बरीचशी या दगडाचीच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला हिंदुस्थानची लाख पुरेना, तेव्हा तिथं जुन्या तबकड्या गोळा करून त्यांचा चुरा नव्यांत मिसळला. कुणाचं तरी गाणं दळून दुसऱ्या कुणाच्या गाण्याखाली घातलं.

ग्वाल्हेरचा ख्यालही असाच दगडातून घरोघर गेला. वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तो महाराष्ट्रात नेला, त्यांच्याकडून विष्णु दिगंबरांनी घेतला. आणि विष्णु दिगंबरांचे चिरंजीव द. वि. पलुसकर तो दहा इंची तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांत गायले. 1955 साली ते गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. बाबा म्हणत, तीन मिनिटांत ख्याल होत नाही, ख्यालाची ओळख होते. ख्यालगायक कृष्णराव पंडितांच्या गावात राहणाऱ्या माणसानं दुसरं काय म्हणावं! मी पलुसकरांच्या बाजूची. बंदिश स्वच्छ, तान मोजकी, आणि समेवर आले की थांबण्याची अक्कल. रात्रभराच्या मैफलीत ती फार थोड्यांकडे पाहिली.