कागदाचा पहारा

परवां मुलीबरोबर सोनोग्राफीसाठीं जाण्याचा प्रसंग आला. तिला पांचवा महिना आहे. तपासणीला लागलीं वीस मिनिटें. पण तत्पूर्वीं कागदांचें जें पुण्याहवाचन झालें तें चांगलें पाऊण तास चाललें! ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मग तो ‘एफ’ नमुन्याचा फॉर्म. नांव, वय, पत्ता, आधींचीं मुलें किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, तपासणी कशासाठीं—एक ना दोन! शेवटीं, गर्भ मुलाचा कीं मुलीचा हें जाणण्याची माझी इच्छा नाहीं, अशी प्रतिज्ञा. आमच्या लहानपणीं डॉक्टर नाडी पाहात आणि लाल औषधाच्या बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवून देत. वैद्यकांतला कागद तो काय तेवढाच!

मी कुरकुरलों तेव्हां टेबलापाशीं बसलेली बाई म्हणाली, “सर, एक रकाना राहिला तरी आम्हांला भोंवतें.” तिचें खरें होतें. १९९४ च्या कायद्यानें ही नोंद निदान दोन वर्षें जपावी लागते. आणि फॉर्म अपुरा ठेवणें ही निव्वळ कारकुनी चूक नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं सांगितलें आहे. हातून राहिलेली चूक आणि जाणूनबुजून केलेलें पाप यांना एकच माप कां, ही डॉक्टरमंडळींची तक्रार अगदींच पोकळ आहे असें मी म्हणणार नाहीं.

पण मुलगी आंत गेली, आणि बांकावर बसल्या बसल्या मला वहिनी आठवली. १९८६ साल. तिला दोन मुली होत्या. गर्भजल तपासण्यासाठीं तिला शहरांत नेलें. तिसऱ्या दिवशीं ती परत आली ती भिंतीकडे तोंड करून निजली. आईनें मऊ भात केला. कोणी कांहीं बोललें नाहीं. स्त्रियांच्या दास्यावरील मिल्लचा ग्रंथ मी त्याच सुटींत वाचीत होतों, पण शेजारच्या खोलींत जाऊन “वहिनी, काय झालें?” एवढें मीं विचारलें नाहीं. त्या वेळीं फॉर्म नव्हता. म्हणजेच तिची इच्छा विचारणारा एकही रकाना नव्हता, आणि सही करून जबाबदार ठरणारें कोणी नव्हतें.

या प्रकाराला आळा घालणारा देशांतला पहिला कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें येथें १९९१ सालीं ९४६ मुली होत्या, त्या २००१ सालीं ९१३ आणि २०११ सालीं ८९४ झाल्या. यंत्रें लहान व स्वस्त झालीं. माणसाची युक्ति तर त्यांच्याही पुढें धांवली. कायदा गुंतागुंतीचा होत गेला तो त्यामुळें. फॉर्मांतला एकेक रकाना म्हणजे कोणीतरी शोधलेल्या पळवाटेला लावलेला अडसर होय. अडसरानें दार बंद होतें. मन बदलत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

मुलगी हंसत बाहेर आली. “बाबा, बाळ हात हालवीत होतें!” आणि कबूल करणें भाग आहे—‘कोण?’ हा प्रश्न माझ्याही जिभेच्या टोकापर्यंत आला. तो मीं गिळला. टेबलावर तिच्या सहीचा फॉर्म अजून पडला होता. या खेपेस मीं तो पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत, न कुरकुरतां वाचला.