राखण

पैसे मोजून उघड्यावर झोपायचं, हे आमच्या आजीला पटलंच नसतं. भातझोडणीच्या दिवसांत घरची माणसं राखणीला खळ्यावरच झोपायची. १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेतल्या. त्यात आमचं खळंही गेलं.

माझी मुलं पाचव्या मजल्यावर वाढली. म्हणून दिवाळी झाल्यावर त्यांना माथेरानच्या पायथ्याशी, गाढी नदीच्या काठी दोन रात्री राहायला नेलं. उभे केलेले तंबू, दिवे, नळ, संडास, सगळी सोय. मागं मात्र खरंखुरं रान. गाढीचं पाणी खाली देहरंगच्या धरणात साठतं, तिथून पनवेलला जातं.

जेवणं उरकल्यावर तंबूवाले ठाकरदादा काठी घेऊन निघाले.

"कुठं?"

"खळ्यावर. डुकरं येतात ना भाताला!"

पोरं तंबू सोडून त्यांच्या मागं. मग मीही. शेकोटी पेटवायची, मधूनच पत्र्याचा डबा बडवायचा, पेंढ्यावर पडून चांदण्या बघायच्या. ठाकरदादांना विचारावं न लागता माझा हात डब्याकडे जात होता.

सकाळी धाकटी म्हणाली, "बाबा, ही नदी पुढं कुठं जाते?"

"पनवेलच्या खाडीला. आपली शेतं होती ना, तिकडंच."