रविवारची गोळी

संधिवाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या बायका दुखण्याबद्दल फारसं बोलत नाहीत. दुखणं सगळ्यांचंच, त्यात नवीन काय सांगायचं? बोलणं चालतं ते गोळ्यांचं. "तुमचे केस गळतात का हो?" "मला तर रविवारी गोळी घेतली की सोमवारी अन्न नको होतं." "लिव्हरवर येतं म्हणे, आमचा भाचा सांगत होता." तेवढ्यात आतून नाव पुकारलं जातं. डॉक्टर विचारतात, "गोळ्या चालू आहेत ना?" आणि बाहेर इतका वेळ पोटतिडकीनं बोलणारी बाई "हो" म्हणून मोकळी होते.

त्या 'हो'च्या पोटात काय काय असतं ते मला ठाऊक आहे, कारण मीही त्याच बाकावरची.

आमच्या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्यांवर उलटते. तिला आवरायला बहुतेकांना पहिल्यांदा मेथोट्रेक्सेट देतात. बारीक पिवळी गोळी, आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून चांगले डॉक्टर चिठ्ठीवर वार लिहून त्याखाली रेघ ओढतात. हे नाव मोबाइलवर शोधलं की लगेच समोर येतो कॅन्सर. ते खोटंही नाही. तिथे हे औषध कधी कधी ग्रॅममध्ये देतात; आम्हाला आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. पण रात्री अकरा वाजता एकटीनं वाचणाऱ्या बाईला ग्रॅम आणि मिलिग्रॅममधला फरक कोण समजावणार?

मला या गोळीच्या जन्मकथेनं थोडी सोबत केली. १८९५ मध्ये भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीचं संशोधन पाहत होते. त्यांच्या चमूनं १९४० च्या दशकात फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि पुढे त्याच फॉलिक अ‍ॅसिडची वाट अडवणारी संयुगंही; मेथोट्रेक्सेट त्यांतलंच. आज आम्ही रविवारी मेथो घेतो आणि तिचा त्रास कमी व्हावा म्हणून दुसऱ्या एखाद्या दिवशी फॉलिकची गोळी. दोन्ही एकाच घरातल्या! सुब्बाराव १९४८ मध्ये गेले. संधिवातासाठी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळायला १९८८ उजाडलं. हे सगळं पाठ असूनही रविवारी रात्री पाण्याचा पेला हातात घेतला की मी क्षणभर अडतेच.

त्यात ते पाकीट. सुजलेल्या अंगठ्यानं मागची चांदी फुटत नाही. मी चमच्याच्या दांड्यानं ढोसते, मग गोळी उडून ओट्याखाली जाते आणि खाली वाकायला गुडघे तयार नसतात. ज्यांच्यासाठी औषध, त्यांच्या बोटांचा विचार पाकीट बनवणाऱ्याला कसा सुचला नसेल, याचं मला अजून नवल वाटतं.

गंमत अशी, की औषधाची धास्ती सर्वांत जास्त वाढते ती औषध लागू पडल्यावर. सकाळी बोटं आखडलेली, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, लाटणं हातात टिकत नाही, अशा दिवसांत गोळी कुणीही मुकाट्यानं घेतं. दुखणं हाच तिचा वकील असतो. सूज उतरली, पोळ्या लाटता यायला लागल्या, की वकील घरी जातो आणि गोळीवरचे आरोप तेवढे उरतात. तोंड येतं. केस जातात. जन्मभर का घ्यायची? मग कुणी एखादा आठवडा चुकवतं, कुणी अर्धीच घेतं, कुणी "उन्हाळ्यात उष्ण पडते" म्हणून बंदच करतं. रक्ताची तपासणी वेळच्या वेळी केली तर लिव्हरचं आधीच कळतं. पण पुष्कळ जणी तपासणीही टाळतात, कारण रिपोर्टचीच भीती.

याच टप्प्यावर कुणीतरी बिननावाच्या पुड्या आणून देतं. 'जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही.' चार दिवसांत बाई चालायला लागते, कारण अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं निघालं आहे. स्टिरॉइडच्या धाकानं डॉक्टर सोडायचा आणि तेच न मोजता, न सांगता पोटात घ्यायचं. मला याचा राग येतो. त्या बाईचा नाही, पुडी बांधणाऱ्याचा.

तरण्या मुलींचं आणखी निराळं. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नसतात. मूल हवं असेल तर डॉक्टरांना विचारून ती आधीच थांबवावी लागते. गोष्ट एवढीच, पण स्थळं बघताना ती कुणी आणि कधी काढायची? साड्यांच्या घड्यांखाली मुलीच्या गोळ्या ठेवणाऱ्या आया मी पाहिल्यात. मुलीला आजारापेक्षा ती लपवालपवीच जड जाते.

आणि २०२० चा उन्हाळा आठवा. आमच्या संधिवातावरचंच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोरोनावर चालतं अशी हवा झाली आणि दुकानांत ती गोळी मिळेना. वर्षानुवर्षं "डोळ्यांवर परिणाम होईल" म्हणून धास्तावलेल्या बायकाच तेव्हा दुकानोदुकानी फोन लावत होत्या. रॉब हॉर्न या ब्रिटिश संशोधकानं सहकाऱ्यांबरोबर १९९९ मध्ये एक प्रश्नावली मांडली, तिच्यात औषधाची गरज किती वाटते आणि काळजी किती वाटते, हे दोन्ही वेगवेगळं मोजतात. मला ते फार पटलं. आमच्यात दोन्ही भरपूर असतं, एकाच वेळी.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाई "गोळ्या चालू आहेत ना?" असं विचारतच नाहीत. "या महिन्यात किती उरल्या?" असं विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत कागदावर काही लिहीत नाहीत. बाहेरची रांग कुरकुरते. पण उरलेल्या गोळ्यांचा आकडा एकदा सांगितला की मळमळ निघते, केस निघतात, भाच्याचं म्हणणं निघतं, पुडीसुद्धा निघते. परवा अशाच एकीला त्यांनी मळमळ कमी व्हावी म्हणून तेच औषध इंजेक्शनवर आणून दिलं. आठवड्यातून एकदा, पोटावर, घरच्या घरी. सोमवारी ती आता व्यवस्थित जेवते. मात्र सुई लागली म्हणजे आजार वाढला, असं तिच्या सासूबाईंचं ठाम मत झालंय, आणि पुढच्या खेपेला त्या स्वतः डॉक्टरांना विचारायला येणार आहेत.