चांदवडहून थेट... आजीसाठी!

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गानं निघालं, की ओझर, पिंपळगाव बसवंत, वडाळीभोई अशी गावं मागं पडतात आणि ६५ किलोमीटरवर चांदवड येतं. आजूबाजूला कांद्याची शेतं, समोर सातमाळ्याचे उंच डोंगर. गावाच्या डोक्यावर किल्ला, गावात होळकरांचा रंगमहाल आणि डोंगराच्या कुशीत रेणुकामातेचं देऊळ! महामार्गानं जाणारी एस. टी. इथं आली, की खिडकीतले कितीतरी हात आपोआप जोडले जातात.

यंदा नवरात्रात आम्ही चांदवडला निघालो. मी, कॉलेजात शिकणारा माझा भाचा आणि नववीतली भाची. आई मात्र घरीच. तिचं वय ७७, गुडघे कुरकुरतात. पायऱ्या चढणं आता तिला जमत नाही.

"आजी, तू घरी बसूनच चांदवड बघ," भाची म्हणाली. "दादाच्या चॅनलवरून आम्ही तुला सगळं लाइव्ह दाखवतो!"

आई हसली. "दाखव बाई. पण हळूहळू चाल. मला धाप लागते."

आता बघा, घरी बसून चढणारीला कसली धाप? पण आमच्या आईचं बोलणं असंच!

चांदवडला पोचलो, तर पहाटेपासूनच गर्दी लोटलेली. नारळ, खण, झेंडूच्या माळा, लहान मुलांच्या पिपाण्या. दादानं फोन आडवा धरला आणि आमचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. भाची झाली निवेदक. "नमस्कार आजी! आपण आता पायऱ्या चढतोय. या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. रंगमहालातून देवीच्या अलंकारांची पालखी इथं आणण्याची जुनी प्रथा आहे..."

एवढ्यात माझा फोन वाजला. आईच होती. "अरे, गाडीतच बसलात का अजून? मला तर रस्ताच दिसतोय."

आम्ही तर दहा-बारा पायऱ्या चढून आलो होतो! असं का झालं, ठाऊक आहे? फोनमधलं चित्र सरळ नाशिकला जात नाही बरं का. आधी त्याचे छोटे छोटे तुकडे होतात. ते जवळच्या टॉवरवरून दूरच्या मोठ्या संगणकांकडे जातात. तिथं त्यांच्या लहानमोठ्या आवृत्त्या तयार होतात आणि मग पाहणाऱ्याचा फोन काही सेकंदांचं चित्र साठवून दाखवायला लागतो. या सगळ्यात सहज वीस-तीस सेकंद जातात. गंमत पाहा. चंद्रावरून निघालेला संदेश साधारण सव्वा सेकंदात पृथ्वीवर पोचतो आणि चांदवडहून नाशिकला चित्र पोचायला वीस सेकंद! २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा इस्रोचं थेट प्रक्षेपण एकाच वेळी ८० लाखांहून जास्त ठिकाणी चालू होतं. आमचं पाहणारी फक्त एक आजी, पण तंत्र तेच.

आम्ही वर पोचलो. आरती सुरू होण्याची वेळ झाली. आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं! पडद्यावर एक गोल चक्र गरगर फिरायला लागलं. भाचीचा चेहरा एवढासा झाला.

"सगळ्यांनी एकदम फोन काढलेत ना," दादा म्हणाला. त्याचं बरोबर होतं. एका टॉवरची क्षमता ठरलेली असते. एरवी ती गावाला पुरते. पण उत्सवात हजारो माणसं येतात, फोटो पाठवतात, व्हिडिओ पाठवतात. एका नळावर शंभर हंडे लागल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला धार किती येणार?

मी आईला फोन लावला. "आई, चित्र अडकलंय. थोडं थांब."

ती म्हणाली, "राहू दे रे चित्र. ऐकू येऊ दे. मागं मी चांदवडला आले होते, तेव्हा मला तरी कुठं काय दिसलं होतं?"

"कधी गं आजी?" भाचीनं फोन जवळजवळ ओढूनच घेतला.

मग आईनं सांगितलं आणि आम्ही तिघं कठड्याशी उभं राहून ऐकत राहिलो.

९ आणि १० नोव्हेंबर १९८६. चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. शरद जोशींनी हाक दिली होती आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लाखाहून जास्त शेतकरी बाया आल्या होत्या. आई तेव्हा ३८ वर्षांची. निफाड तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून बायकांनी भरलेल्या टेम्पोत बसून ती आली. फडक्यात भाकरी, ठेचा आणि कांदा. घराबाहेर एकटीनं रात्र काढायची तिची ती पहिलीच वेळ.

"स्टेज इतकं लांब, की बोलणारं माणूस बोटाएवढं दिसायचं," आई म्हणाली. "पण कर्णे लावले होते, त्यामुळं शब्द न् शब्द ऐकू यायचा. शेतात राबायचं आपण, मग जमिनीवर आपलं नाव का नाही, असं तिथं उघड बोलले. मी पहिल्यांदाच ऐकलं ते. शेजारी बसलेली बाई कुठल्या लांबच्या गावची होती, कोण जाणे. तिनं माझा हात घट्ट धरला होता."

त्या अधिवेशनातल्या विचारांचं 'चांदवडची शिदोरी' नावाचं पुस्तकही निघालं. पुढं शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. नवऱ्यानं आपली थोडी जमीन स्वखुशीनं बायकोच्या नावे करायची. ज्या गावात शंभर बायका अशा जमिनीच्या मालकीण झाल्या, ते लक्ष्मीमुक्ती गाव! आमच्या वडिलांनीही अर्धा एकर आईच्या नावे केला. त्या सातबाऱ्याचा कागद अजून तिच्या पेटीत आहे. मी तो लहानपणापासून पाहत आलो. पण त्याची सुरुवात चांदवडला झाली, हे मला त्या दिवशी कळलं. तेही चित्र अडकलं म्हणून!

एव्हाना दादानं एक युक्ती केली होती. चित्राचा दर्जा त्यानं अगदी कमी केला. आवाजाला चित्राच्या मानानं फारच थोडा डेटा लागतो, त्यामुळं तो सुरळीत जाऊ लागला. वारा माइकमध्ये घोंघावत होता, म्हणून भाची वाऱ्याकडे पाठ करून फोनला आडोसा देत उभी राहिली. गाभाऱ्याचं चित्रण करायचं की नाही, हे आधी तिथं विचारायला हवं, म्हणून दादानं फोन बाहेरच्या गर्दीकडे वळवला. घंटा, झांजा, शेकडो गळ्यांतली आरती... तिकडे आई डोळे मिटून ऐकत होती, असं बायकोनं नंतर सांगितलं.

मला २०२०चं नवरात्र आठवलं. करोनामुळं राज्यातली देवळं भक्तांसाठी बंद होती. ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेच्या दिवशी, ती पुन्हा उघडली. देवळं बंद असताना घरोघरी देवदर्शन झालं, ते फोनच्या पडद्यावरच. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. आमच्या आईसारख्यांना मात्र आजही तो नाही.

आरती झाल्यावर आईचा पुन्हा फोन आला. "आता मला गाव दाखव. तिथंच कुठंतरी बसलो होतो आम्ही."

भाचीनं फोन खाली वळवला. ऊन वर आलं होतं. घरांची दाटी, महामार्गावर धावणारे ट्रक, पलीकडे शेतं. या वेळी तिनं निवेदन केलं नाही. आम्ही वीस सेकंद वाट पाहिली. मग कानाशी आईचा आवाज आला, "केवढं वाढलं गं गाव!"

मुलांनो, चांदवडला जाल तेव्हा देवळाबरोबर रंगमहालही पाहा. आत जाता येतं का, याची चौकशी आधी करा. घरातलं कुणी येऊ शकत नसेल, तर त्यांना जरूर थेट दाखवा. फोन भरून न्या, आडवा धरा, सावकाश फिरवा. पायरीकडे लक्ष ठेवा आणि अनोळखी माणसांच्या चेहऱ्याशी फोन नेऊ नका.

आणखी एक काम सांगतो. १९८६च्या त्या दोन दिवसांचं थेट प्रक्षेपण कुणी केलेलं नाही. तेव्हा तिशी-चाळिशीत असलेल्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. तुमची आजी कुठल्या सभेला, मोर्चाला, जत्रेला गेली होती का? येत्या रविवारी तिच्याशेजारी बसा, फोनवर आवाज मुद्रित करायला लावा आणि तिला विचारा. आमच्या भाचीनं त्याच संध्याकाळी सुरुवात केली. पहिला प्रश्न होता, "आजी, तुझा हात धरणाऱ्या त्या बाईचं नाव काय होतं?"

आई बराच वेळ आठवत होती.